दक्षाचं घर आणि प्रविणची सही

मी, पुतळी सदानंद पागधरे, वय ७४, राहणार डहाणू, धंदा मासे सुकवणे व शेजाऱ्यांची उणीदुणी काढणे, पूर्ण शुद्धीत आणि भरल्या पोटी हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून तर बघावा.

१. माझा नवरा बोटीसकट दर्यात गेला. म्हणून मुलाला, तुषारला, मीच सैन्यात धाडलं. जमिनीवर माणूस बुडत नाही, एवढीच माझी अक्कल. त्याला तसाही दर्या लागायचा; बंदर सुटायच्या आधीच ओकायचा. १९९९ साली कारगिलच्या लढाईत तेविसाव्या वर्षी तो गेला. चूक माझी होती का, हे इतकी वर्षं स्वतःला विचारलं. अजून रडू येतं, पण ते विचारणं आता बंद.

२. मी पाठवलेल्या सुक्या बोंबलांबद्दल त्याने लिहिलं होतं, "आये, साहेब म्हणतात पुडा लांब ठेव, वासावरून दुश्मनाला आपला पत्ता लागेल." ते पत्र दक्षाला.

३. दक्षा ही तुषारची बायको, लग्नानंतर आठ महिन्यांत एकटी पडलेली. घर, ओटा, बोंबील सुकवायच्या वलांड्या, सगळं तिचं. माझा दीर पांड्या म्हणतो, सुनेने दुसरं लग्न केलं तर घर परक्याचं होईल. तर स्पष्ट लिहिते: लग्न केलं तरी घर तिचंच. पांड्याला माझी मोडकी छत्री. मोडली त्यानेच आहे.

४. वाणगावचा प्रविण, बिनलग्नाचा, नऊ वर्षं आमच्याकडे ढोबळी मिरची देऊन बोंबील नेतो. त्याच्या घरी मासे कोणी खात नाही, हे मला ठाऊक आहे. दक्षाला विचारलं तर म्हणते, "आये, तुला एकटी टाकून कुठे जाऊ?" अगं, जायचं कशाला? त्यालाच इकडे आण. आणि माझ्या मरणाची वाट बघू नका. मला वरमाईसारखं मिरवायचं आहे.

डहाणू, दि. ९ नोव्हेंबर २०२५.
सही: पुतळी स. पागधरे

साक्षीदार:
१) निलम मर्दे, शेजारीण (सही)
२) प्रविण (नाव खोडले आहे)

खुलासा: वकील म्हणाले, जिला घर मिळतं तिचा नवरा साक्षीला नको; प्रविण कोणी लागत नाही, तो चालेल. प्रविणने पेन हातात घेतलं, दक्षाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "माझी सही नको," म्हणाला.

दक्षाने ते पेन उचलून त्याचं नाव खोडलं. मग म्हणाली, "आये, हिनाला हाक मार."

२) हिना दवणे, पलीकडची शेजारीण (सही)