देवघरातलं लिथियम

१८ एप्रिल ७८, मंगळवार
देव हलवले. मी नाही, ह्यांनी. भाजी घेऊन आले तर महादेव, अन्नपूर्णा, बाळकृष्ण सगळे स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी फळीवर. देवघरात मोठी काचेची पेटी, तिला कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे बसवलेले, शेजारी गॅसचं उभं सिलिंडर. विचारलं तर म्हणाले, "घरातली सगळ्यात कोरडी खोली तीच. कॉलेजात हेडसाहेब नको म्हणाले, आग लागेल म्हणून."
हेडसाहेबांना नको म्हणता येतं.
सासूबाई लेकाला सोडून मला म्हणाल्या, "देवाला काय, हितंबी दिवा दिसतोय की." पोळ्या लाटताना देवाकडे पाठ होते. पाट फिरवून बसले तर धूर डोळ्यांत.

२० एप्रिल, गुरुवार
काय चाललंय ते समजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. लिथियम म्हणून धातू. इतका हलका की तेलावरही तरंगतो. पाण्याशी वैर, हवेतला ओलावासुद्धा खपत नाही, काळा पडतो; म्हणून पेटीत सिलिंडरमधला कोरडा वायू भरायचा. त्याची बॅटरी करायची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी. चार्ज करताना धातूला बारीक मिशा फुटतात, त्या मधल्या द्रवातून पलीकडे पोचल्या की बॅटरी आतल्या आत मेली. द्रवाऐवजी घट्ट काही घातलं तर मिशा अडतात, पण वीजही अडते. म्हणून दोन्हींचा मेळ घालणार. प्लॅस्टिकची पूड, लिथियमचं मीठ, थोडा द्रव, वर चिनी मातीसारखी बारीक भुकटी. काचेवर पसरून साईसारखा पापुद्रा काढायचा.
"मऊही हवा आणि टणकही," म्हणाले.
मी म्हटलं, बायकोही सगळ्यांना तशीच हवी असते. हसले नाहीत.

२४ एप्रिल, सोमवार
उपास. अंघोळ करून ओलेत्यानं पूजेला निघाले. माहेरापासूनची रीत. आतून ओरडले, "ओल्या लुगड्यानं दारावरून जाऊ नकोस, ओलावा आत येतो." मागच्या दारानं फिरून फळीपाशी गेले. अभिषेकाचं पाणी मिठाच्या बरणीवर उडालं.
महिन्याचे चार दिवस बाजूला बसते ते देवासाठी. आता तीसही दिवस त्या उंबऱ्याला शिवायचं नाही. ते कुणासाठी?

२ मे, मंगळवार
कुरडयांचा गहू भिजवून वाटून ठेवलेला, चीक आज शिजवायलाच हवा होता. सकाळी म्हणतात, "वाफ होते. ह्या वर्षी कुरडया नकोत."
"मग दिवाळीत काय, तुमचा पापुद्रा तळू?"
"मी कोरडी हवा सांभाळतोय, तुला चेष्टा सुचते."
चेष्टा नव्हती. परसात तीन दगड मांडले, पातेलं चढवलं. सोलापूरचं ऊन वरून, जाळ खालून. सा.बा. सोऱ्या दाबायला बसल्या. "लई शिकलाय माझा शिवा, पर वाफंला भितोय." शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, घर सोडून बाहेर का मांडलंय? म्हटलं घरात आजारी माणूस आहे. फार खोटं नाही ते.
कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्या. ह्यांना दाखवल्या नाहीत.

९ मे, मंगळवार
जमलं म्हणे. दुपारी घामाघूम बाहेर आले, आईच्या पाया पडले. बॅटरी चार्ज होते, उतरते, पुन्हा होते, अजून मिशी नाही. पुण्याचे सर, ह्यांचे जुने गुरू, महिनाअखेर बघायला येणार. तोवर नवी करून त्यांच्या देखत चालवायची.
मी विचारलं, "सरांना पसंत पडलं तर?"
"अनुदान मिळेल. मग खोलीला पक्की हवाबंद दारं, नवी फरशी."
"आणि नाही पडलं तर?"
"तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा."
म्हणजे कसंही झालं तरी देव मिठाशेजारीच. गोड काही केलं नाही. सा.बा.नी आपल्या हातानं साखर ठेवली लेकाच्या तोंडात.

१५ मे, सोमवार
दुधनीहून निरोप. थोरले चुलत सासरे गेले. दहा दिवस सुतक. सा.बा. आणि हे जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. हातपाय धुतले न धुतले, पेटीपाशी. माझी पूजा बंद, ह्यांची चालू. लिथियमला सुतक नसतं वाटतं.

२५ मे, गुरुवार
सुतक फिटलं. अंथरुणं-पांघरुणं धुतली. सा.बा. म्हणाल्या, "घरभर गोमूत्र शिंपड. एक कोपरा सोडू नगं."
सोडला नाही. देवघर ते देवघर, आत काय मांडलंय त्यानं ते बदलत नाही. हे दारात पोस्टमनशी बोलत होते. पेटीची काच घाईत उघडी राहिलेली, आत ताटलीत धातूची पट्टी, बाजूला वाळवलेले पापुद्रे. मी आंब्याची डहाळी बुडवली, नेहमीसारखी शिंपडली.
फोडणीसारखं चरचरलं. धूर. हे धावत आले आणि पट्टी उचलली, उघड्या हातानं. मे महिन्यातला हात, घामानं ओला. सोडली तोवर तळवा पांढरा आणि बुळबुळीत. बोटंही. डॉक्टर म्हणाले, चुन्यानं भाजतं तसं, पण खोल. उजवा हात मनगटापर्यंत बांधलाय. पापुद्रे सगळे गेले.
"मुद्दाम केलंस," म्हणाले.
मुद्दाम शिंपडलं, हे खरं. भाजावं म्हणून नाही. पण तेवढं समजून घ्यायला त्यांना फुरसत नव्हती, आणि सांगायला मला. म्हटलं, "मी देवघर शुद्ध केलं. तुमची खोली मला ठाऊक नाही."

२६ मे, शुक्रवार
डाव्या हातानं जेवणं ह्यांना पटत नाही. भरवते. भाकरीचा घास जरा मोठाच केला. गिळला, डोळ्यांत पाणी आलं, पण थांब म्हणाले नाहीत. सा.बा. कोपऱ्यातून, "भरवतीस का कोंबतीस गं?"
ताक दिलं वरून.

२८ मे, रविवार
सर बुधवारी येतात. पूड शिल्लक आहे, मीठ आहे, तेलात एक धातूचा तुकडाही. हात नाही.
आज शेवटचा घास झाल्यावर पदर धरला. "तुझे हात लागतील. मी शेजारी उभा राहून सांगतो, तू मोज्यात हात घालून कर." लग्न झाल्यापासून ह्यांनी माझी कशात मदत मागितली नव्हती. भांडी घासून झाल्यावर उत्तर दिलं.
"आधी देव आत. मग हात."
"देव आले की पाणी आलं, दिवा आला. आत भडकणारा द्रव आहे. बुधवारनंतर बघू."
"बुधवारनंतर तुमचे सर फरशी घालतील."
"चार वर्षांचं काम आहे. काय पणाला लागलंय ते तुला कळत नाही."
"कळतंय, म्हणून तर आजच बोलतेय."
सा.बा. मधे पडल्या. "शिवा, तिचं ऐक. सूनबाई, तूबी जरा ऐक. हात जळला त्याचा." म्हटलं, त्यांचा जळला, माझे देव महिनाभर मिठात आहेत. सा.बा. म्हणाल्या, "अय्यो, दोघंबी एकाच मातीचे की."
दुपारी देवघराला मीच कुलूप घातलं. किल्ली कमरेला. मागितली नाही त्यांनी. संध्याकाळी येऊन म्हणाले, देव आत ने, पण बुधवारपर्यंत अभिषेक नाही, दिवा नाही, नुसतं कोरडं फूल. इतकं खाली आले, हे मानायला हवं. आवाजही चढलेला नव्हता.
कोरडा महादेव. तोही उन्हाळ्यात.
विचार करते म्हटलं. तेव्हापासून बंद दारासमोर पाटावर बसलेत, बांधलेला हात मांडीवर. मी इथं वहीपाशी. जेवण वाढायची वेळ झाली, उठायला हवं.
उद्या सोमवार. महादेवाला पाणी तर घालायचंच. कुठं बसून, ते अजून ठरलं नाही.