पाच मार्कांचं दुःख

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण नववी ब ला नववा धडा सुरू करतोय, आणि तो असा शिकवणार आहे की पुढेमागे कुणीतरी विचारेल, कसा शिकवला होता हो? तेव्हा नोंद हवी.

धडा असा: नाझींनी ज्यूंचं जे हत्याकांड केलं त्यातून वाचलेल्या एका बाईच्या आठवणी. ती तेव्हा अकरा वर्षांची. एका सकाळी तिला आणि तिच्या आईला तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून खाली उतरवतात. जिना, आईचा हात, कोटाची बटणं, रस्त्यावर उभा ट्रक. चार पानं. मागे सहा प्रश्न. शेवटचा: हा धडा वाचून तुम्हाला काय वाटलं? मार्क पाच.

तेवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. मुलांना काय वाटलं ते दर वर्षी मीच फळ्यावर लिहून देतो. यंदा बंद.

संकल्प. एक, नोट्स डिक्टेट करायच्या नाहीत. दोन, धडा ज्या पुस्तकातून घेतलाय ते अख्खं वाचायचं. तीनशे बारा पानं. शाळेच्या लायब्ररीतून आणलं. आत एकाही तारखेचा शिक्का नाही, म्हणजे शाळेत पहिला वाचक मीच. तीन, मुलांना स्वतःचा विचार करू द्यायचा.

बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, तिसरं जरा जपून कर.

४ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ६.१०

बाथरूमच्या आरशासमोर 'साठ लाख माणसं' हे तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. तिसरा आवाज उत्तम. बायकोनं दार वाजवून घसा बसलाय का विचारलं.

दुपारी २

वर्गात आधी दोन मिनिटं स्तब्धता. अठराव्या सेकंदाला शेजारच्या वर्गात सतराचा पाढा सुरू झाला. सतरा नवे त्रेपन्नासे आलं तेव्हा आमच्यातल्या अर्ध्या मुलांचेही ओठ हलत होते. स्तब्धता एका मिनिटावर आणली.

मग वाचन. आई मुलीच्या कोटाचं सगळ्यात वरचं बटण लावते आणि म्हणते, वारा आहे. इथे माझा आवाज खरंच बसला. आरशातला तिसरा वगैरे नव्हे, खराच. फळ्याकडे वळून उगाच डस्टर उचललं. मुलांना वाटलं सरांना शब्द अडला. पहिल्या बाकावरच्यानं मागून हळूच सांगितलं, सर, बटन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तिसऱ्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसते. एरवी गप्प. मी मनातल्या मनात तिचं नाव शंका ठेवलंय, कारण आज तिनं शंका काढली.

धड्यात दुसऱ्या पानावर एक ओळ आहे. ट्रककडे नेताना मुलगी वर बघते, तर पहिल्या मजल्यावरची शेजारीण गॅलरीत गालिचा झटकत असते. यांना पाहून ती आत जाते आणि दार लावून घेते. बस, एवढंच. त्यावर प्रश्न नाही, शब्दार्थ नाही, काही नाही. शंकेनं विचारलं, सर, दार लावल्यावर ती बाई आत काय करत होती?

मी म्हटलं, फार छान प्रश्न. पुढे बघू. फार छान प्रश्न असं मी नेमकं कधी म्हणतो ते मुलांना ठाऊक आहे. दोघं खुसखुसले.

संकल्प: उत्तर शोधायचं. पुस्तकात असेलच. सध्या पान सहा. (प्रस्तावना.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शंकेनं परत विचारलं. मी म्हटलं, हा इतिहासाचा भाग झाला, इतिहासाच्या सरांना विचार. विषयाच्या मर्यादा पाळणं हीसुद्धा एक शिस्त आहे.

मधल्या सुट्टीत ती परत आली. इतिहासाचे सर म्हणाले होते, आमच्या पुस्तकात या प्रकरणाला चार ओळी आणि दोन सन, त्यात गालिचा नाही. भावनांचं खातं इंग्रजीकडे. स्टाफरूममध्ये मी त्यांना जाब विचारणार होतो, पण ते पेपरातलं कोडं सोडवत होते आणि आडवा सातवा शब्द मला येत होता.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर वाचन. पान चौदा. अक्षर बारीक आहे.

जेवताना बायकोला शंकेचा प्रश्न सांगितला, गंमत म्हणून. तिनं विचारलं, तू काय केलं असतंस? मी ताबडतोब म्हटलं, दार उघडलं असतं, त्यांना घरात घेतलं असतं, सोपं आहे.  बायको भांडी उचलता उचलता म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना गेल्या वर्षी बिल्डिंगनं काढलं तेव्हा तू कुठे होतास?

आता याचा काय संबंध? ते लोक बाहेरचे आहेत, आपल्यात बसत नाहीत, असं मीटिंगमध्ये बहुमतानं ठरलं. मी सही केलेली नाही. सही करायला आले तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. ते सामान उतरवत होते त्या दिवशी मी पेपर तपासत होतो. जिन्यात फार आवाज येत होता म्हणून दार लावलं.

कुठे साठ लाख माणसं आणि कुठे एक भाडेकरू. असली तुलना करणंच चूक आहे, हे मी बायकोला चांगलं सुनावलं. ती म्हणाली, मी कुठे केली? तूच करतोयस.

१० नोव्हेंबर, सोमवार

हेडबाईंनी बोलावून घेतलं. एकोणीस तारखेला शिक्षण खात्याचे तपासनीस येणार. नववी ब चा इंग्रजीचा तास बघणार. त्यांना मुलांचा प्रतिसाद ऐकायचाय. हेडबाई म्हणाल्या, तुमचा भावनेचा धडा चालू आहे ना, बरं झालं. शिवाय चोवीसला चाचणी.

म्हणजे नऊ दिवस, आणि बेचाळीस मुलांना अजून काही वाटायचंय.

तासाला शंकेचा हात वर. तिसऱ्यांदा. मी शांतपणे सांगितलं, ती ओळ परीक्षेला येणार नाही. लगेच पहिल्या बाकावरच्यानं विचारलं, सर, मग कंसात टाकायची? आमच्या वर्गात हीच पद्धत आहे. जे परीक्षेला नाही ते पेन्सिलीनं कंसात. पद्धत मीच पाडली, वेळ वाचतो. मी म्हटलं, टाका.

बेचाळीस पेन्सिली हलल्या. गॅलरी, गालिचा, बाई, दार, सगळं कंसात गेलं. वर्ग एकदम स्वच्छ वाटला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मुलांना मार्गदर्शक मुद्दे दिले. हे नोट्स नव्हेत. नोट्स वेगळ्या असतात. हे मुद्दे होते, वाक्यांच्या स्वरूपात, आणि मुलांनी ते लिहून घेतले.

पाचव्या प्रश्नापर्यंत ठीक होतं. सहाव्याला मुलांना म्हटलं, हे तुमचं तुम्ही लिहा, तुम्हाला काय वाटलं ते. वर्गात अशी शांतता पसरली, जी गेल्या मंगळवारी हवी होती. पाच मिनिटांनी पहिल्या बाकावरच्यानं विचारलं, सर, पण काय वाटलं?

दया आली. दिलं सांगून. (इंग्रजीत, अर्थात.) हा धडा वाचून माझे डोळे पाणावले. माणूस इतका क्रूर कसा होऊ शकतो असा प्रश्न मला पडला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. हे शेवटचं वाक्य माझं मलाच फार आवडलं. साधं आहे, पण आतून आलंय.

जेवायच्या वेळी आज भूक कडाडून लागली होती. दोनदा वाढून घेतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तपासनीस आले. सडपातळ, सौम्य, मागच्या बाकावर वही उघडून बसले. मी धडा घेतला. तिसरा आवाज लावला. मग त्यांनी एका मुलाला उभं करून विचारलं, हे वाचून तुला काय वाटलं?

त्यानं हात मागे बांधले आणि सांगितलं की त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्याला विचारलं. त्यालाही गेलं नव्हतं. तिसरी एक मुलगी, तिलाही. चौथा मुद्दे दिले त्या दिवशी गैरहजर होता. त्यानं वही उतरवून घेतली होती, त्यामुळे तोही उपाशी. तपासनीस चष्मा पुसत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सौम्यपणे विचारलं, आणि सर, तुम्हाला काय वाटलं?

तेवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते असं की त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पहिल्या बाकावरच्यानं मान डोलावली. बरोबर आलं, सर.

शंकेचा हात वर होता. तिनं सरळ तपासनिसांनाच विचारलं, ती बाई आत काय करत होती? त्यांनी पुस्तकात ओळ शोधली. सापडेना, कारण शेजारच्या मुलाचं पुस्तक हातात घेतलेलं आणि त्यानं कंस इतका गडद काढलेला. सापडल्यावर ते पुस्तक मुलाला परत देत म्हणाले, सर सांगतील. तेवढ्यात घंटा झाली. घंटेचं टायमिंग शाळेत एवढं अचूक कधी नसतं.

शेरा: प्रतिसादात विलक्षण एकवाक्यता. मी तो कौतुक म्हणून घेतला. बायकोनं दोनदा वाचला आणि कागद घडी करून परत दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चाचणीचे पेपर. बेचाळीसपैकी एक्केचाळीस मुलांचे डोळे पाणावले. एक्केचाळीस जणांना जेवण गेलं नाही. सगळ्यांना पाचपैकी पाच. दोघांनी जेवणाचं स्पेलिंग चुकवलं, त्यांचा अर्धा कापला.

शंकेचं उत्तर मॉडेल उत्तराला धरून नाही. ती लिहिते की मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी त्या रात्री जेवले. पण जेवताना त्या बाईचा विचार येत होता. ती त्या मुलीला रोज जिन्यात भेटत असेल, शाळेला निघालीस का विचारत असेल. दार लावल्यावर ती कुठे बसली? तिला बाहेरचा आवाज येत होता का? सरांनी ती ओळ कंसात टाकायला सांगितली. मी पेन्सिल हलवली पण कंस काढला नाही.

अपेक्षित मुद्दे: शून्य. हस्ताक्षराचा एक. पाचपैकी एक. नियम म्हणजे नियम, उरलेल्या एक्केचाळीस जणांवर अन्याय नको. मार्क लगेच यादीत भरून ऑफिसला दिले.

संध्याकाळी बायकोला ते उत्तर वाचून दाखवलं, मुलं काय काय लिहितात म्हणून. ती हसली नाही. किती दिलेस, म्हणाली. मी म्हटलं, पाचपैकी आहे. ती म्हणाली, पाचपैकी किती? मला एक फोन करायचा होता तो आठवला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल अर्धी रजा टाकून पुस्तक वाचलं, पहाटेपर्यंत. सगळं. पान चौदानंतर अक्षर बारीक वाटेनासं झालं. काय वाचलं ते इथे लिहीत नाही, लिहिता येणार नाही. एवढंच लिहितो की ती शेजारीण पुन्हा येत नाही. शेवटी शेवटी लेखिका स्वतःच म्हणते की मी म्हातारी झाले, पण खालच्या मजल्यावरचं दार लागल्याचा आवाज अजून ऐकते आणि ती आत काय करत होती हे मला अजून माहीत नाही.

म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीनं नेमका तोच प्रश्न विचारला होता. आणि मी तिला एक मार्क दिला. हस्ताक्षराचा.

लाज वाटली. हे कुणी डिक्टेट केलेलं नाही.

मार्क वाढवून मागायला ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, यादी पुढे गेली. असो. मार्क काय, येतात जातात. उद्या वर्गात उभं राहून खरं सांगायचं. संकल्प. हा शेवटचा, आणि एकच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं.

सकाळीच पेपर वाटले होते. मग पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि कुठलाही आवाज न लावता बोललो. मुलांनो, ती बाई आत काय करत होती ते मला माहीत नाही. मी तुम्हाला ती ओळ कंसात टाकायला लावली, कारण मला त्या ओळीची भीती वाटली. गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांना घर सोडायला लावलं. त्यांची लहान मुलगी मला जिन्यात रोज हात करायची. ते गेले त्या दिवशी मी घरात होतो. मी दार लावून आत बसलो होतो. मला त्याची लाज वाटते.

इतकं खरं मी वर्गात कधीच बोललो नव्हतो.  वर बघायचा धीर झाला तेव्हा बघितलं.

सगळ्यांच्या माना खाली होत्या. मला वाटलं, पोचलं. मग पेनांचा आवाज आला.

पहिल्या बाकावरच्यानं विचारलं, सर, लाज अंडरलाइन करायची? मागून कुणीतरी विचारलं, हे किती मार्कांना येणार? मी शंकेकडे बघितलं. एवढ्या दिवसांत तिनं माझं एकही वाक्य उतरवून घेतलं नव्हतं. आज तिच्यासमोर नवी कोरी वही होती. समास आखलेला, वर तारीख, प्रश्न क्रमांक सहा. वहीखालून चाचणीचा पेपर डोकावत होता, वर लाल शाईतला एक मार्क.

तिनं हात वर केला. मी म्हटलं, विचार, काय विचारायचं ते विचार.

ती म्हणाली, सर, दार लावून इथपर्यंत झालं. जरा सावकाश सांगता का?

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. सावकाश, पूर्णविरामासकट.