उजव्या चपलांची लाइन

८ एप्रिल, मंगळवार. कामदा एकादशी.
नरसीला नामदेव महाराजांचं दर्शन घेऊन परत येताना गावाच्या वेशीवर ऑटो अडकला. हळदीचा सीझन. मोंढ्याचं, म्हणजे बाजार समितीचं, गेट सकाळी उघडतं, पण नंबर जाऊ नये म्हणून शेतकरी आदल्या दिवशीच ट्रॅक्टर आणून लावतात. लाइन मोंढ्यापासून निघते ती आमच्या गावातून पार ओढ्याच्या पुलापर्यंत. ऑटोत बसून मी नामस्मरण केलं. ऑटोवाला दुसरंच काही स्मरत होता.
उतरून पायी निघालो. रेशन दुकानापुढे चपलांची लाइन दिसली. दुकान बंद. माणसं लिंबाखाली सावलीत, चपला उन्हात, आणि कोणाचाही नंबर हलत नाही. तिथेच उभा राहिलो. एकादशीला असं दिसणं हा योगायोग नाही.

९ एप्रिल
प्लॅन तयार. ट्रॅक्टर गायरानावर, रस्त्यावर फक्त चपला. प्रत्येकाने आपली उजवी चप्पल मोंढ्याच्या भिंतीलगत ठेवायची. गेट उघडलं की चपलांच्या क्रमाने ट्रॅक्टर आत. एकच चप्पल कोणी चोरत नाही, हा माझा आयुष्यभराचा अभ्यास आहे.
गेटवरचा वॉचमन शंकरसिंग म्हणाला, रस्त्यावर जो उभा राहील त्याच्याकडून पैसे घ्या, दो दिन में रस्ता साफ. मी म्हणालो, शेतकऱ्याकडून उभं राहण्याचे पैसे घेणं पाप आहे. तो म्हणाला, फिर चप्पलच घ्या. त्याचा पाठिंबा मिळाला.
राधिका म्हणाली, बाबा, चपलेवर खडूनं नंबर तरी टाका. बी.एस्सी. केल्यापासून पोरीचा माणसांवरचा विश्वास गेला आहे. अक्षय तृतीयेला तिचा साखरपुडा, हट्टा गावच्या व्यंकटरावांच्या मुलाशी, बालाजीशी. पाहुण्यांना यायला रस्ता मोकळा नको का? हे सगळं तिच्याचसाठी चाललंय, पण तिला कळत नाही.

१२ एप्रिल
शुभारंभ. नारळ फोडला. पहिली चप्पल माझी ठेवली. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही, पण आदर्श कोणीतरी घालून द्यावा लागतो.
दुपारपर्यंत रस्ता खरोखर मोकळा. एसटी न थांबता गेली. इतकी वेगात गेली की आमच्या स्टॉपवरचे लोकही राहिले.
एक मेला ग्रामपंचायतीत माझा सत्कार होईल असं अजून कोणी म्हणालेलं नाही. पण वातावरण तसं आहे.

१५ एप्रिल
ऊन कडक. गायरानापासून मोंढ्यापर्यंत लोक एका पायात चप्पल घालून चालतात. राधिकाची आई नर्मदा म्हणाली, गावात बघा जरा, सगळे तुमच्या नावानं लंगडून राहिले. मी म्हणालो, पायाला चटका बसला की माणूस अंतर्मुख होतो. ती म्हणाली, मंग तुमी काहून घरात बसले?
एका शहाण्याने घरातल्या सगळ्यांच्या चपला लाइनीत लावल्या. त्यात वारलेल्या आजोबांचीही. मयत माणसाला नंबर द्यायचा का, यावर दुपारभर चर्चा. ठरलं नाही.

१९ एप्रिल
परवा मसाजीच्या शेळ्या लाइनीतून गेल्या. मागचं पुढं, पुढचं मागं, काही चपला नालीत. मसाजीला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, मालक, शेळ्यायनं कुठं नंबर पायला? तुमच्या माणसायलाच समजून न्हाई राहिला.
तेव्हापासून लोक आपापल्या चपलेजवळ राखण बसतात. बसायला सावली हवी, म्हणून ट्रॅक्टर जवळ आणतात आणि ट्रॉलीखाली बसतात. सध्या रस्त्यावर दोन लाइनी आहेत, एक चपलांची, एक ट्रॅक्टरची. एसटी आता वेशीवरूनच परत फिरते. ही मधली अवस्था आहे. मोठ्या कामात ती येतेच.

२४ एप्रिल, गुरुवार. वरुथिनी एकादशी.
व्यंकटराव स्वतः हळद घेऊन आले. भल्या पहाटे आले, त्यामुळे उद्याच्या नंबरात सगळ्यांच्या पुढे. म्हणाले, हनुमंतराव, हळद आज-उद्या निघाली म्हणजे मोकळ्या मनानं साखरपुड्याचं बघता येईल. मी म्हणालो, नियमाप्रमाणे उजवी वहाण द्यावी लागेल. ते हसले. त्यांना चेष्टा वाटली.
त्यांच्या वहाणा कातडी, करकर वाजणाऱ्या, हौसेने करून घेतलेल्या. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मी पाया पडतोय असं समजून ते सगळ्यांदेखत म्हणाले, असू द्या, असू द्या पाहुणे. तेवढ्यात मी वहाण काढून घेतली.
मुलीच्या बापाने व्याह्याच्या पायाला हात लावण्याची रीत आहेच. मी तिला समाजोपयोगी वळण दिलं.

२५ एप्रिल
गावच्या कुत्र्यांना रबराची गोडी नाही, कातड्याची आहे. हे आधी लक्षात यायला हवं होतं. कोणाच्या, ते सांगता येत नाही.
सकाळी व्यंकटरावांची वहाण जागेवर नव्हती. मागचे लोक म्हणाले, चप्पल न्हाई तर नंबर न्हाई. व्यंकटराव माझ्याकडे वळून म्हणाले, तुमीच सांगा ना यायले, तुमीच काढून ठेवली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वहाण मीच ठेवली होती. पण व्याह्याच्या बाजूने साक्ष दिली असती तर सिस्टीमवर कोणाचा विश्वास राहिला असता? मी म्हणालो, चप्पल दिसत नाही.
त्यांचा ट्रॅक्टर ओढ्याच्या पुलावर, सगळ्यात मागे गेला. मागे एका पायाने व्यंकटराव.
राधिकाने त्यांना माझे सणाचे बूट नेऊन दिले. मला विचारलंसुद्धा नाही.

२७ एप्रिल
काल अवकाळी पाऊस. पुढच्यांची हळद मोंढ्याच्या शेडमध्ये गेली होती. पुलावरच्या ट्रॉलीतली भिजली. निसर्गापुढे माझा इलाज नाही.
व्यंकटराव जाताना दारात आले, आत आले नाहीत. बूट उंबऱ्याशी ठेवले. म्हणाले, पोरगी लाखाची हाय, हनुमंतराव. पण तुमच्या दारात पाय ठेवायची भीती वाटून राहिली. पाय बराच पोळलेला दिसतो. जखम भरली की येतील.
आत नर्मदा रडत होती. राधिका रडत नव्हती. बालाजीचा फोन वाजत होता, ती नुसती त्याच्याकडे बघत होती. मी म्हणालो, उचल की. तिने उचलला, दोन शब्द ऐकले आणि ठेवून दिला. काय म्हणाला ते सांगितलं नाही. मुलं मोठी झाली की बोलत नाहीत.

२९ एप्रिल
दुपारी हलगीचा आवाज. मोंढ्याकडून माणसं येत होती, पुढे दोघांच्या हातात मोठा हार. एक मेची वाट बघायला लोकांना दम निघाला नाही. नर्मदाला म्हणालो, टोपी दे. तिने गल्लीत बघितलं आणि म्हणाली, आत या, मी दार लावते. मी टोपी घालून ओट्यावर उभा राहिलो. मान मीच पुढे केली.
हार जड होता. फुलांचा नव्हता, एवढं लिहून ठेवतो.
पावसात भिजलेल्या चपला होत्या. पण सगळ्या उजव्या. म्हणजे शिस्त शेवटपर्यंत पाळली.
शंकरसिंगने मोबाइलवर फोटो काढला. म्हणाला, साहेब, थोडा मुस्कुराइए. सवयीने हसलो.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया.
सकाळी ओट्यावर येऊन बसलो. रस्ता पुलापर्यंत स्वच्छ. एक ट्रॅक्टर नाही, एक चप्पल नाही. नर्मदा आतून म्हणाली, सणाची मोंढ्याला सुट्टी हाय. असेल. पण इतका मोकळा रस्ता मी या गावात पाहिलेला नाही. हट्ट्याहून गाडी निघाली असती तर तिला कुठेच थांबावं लागलं नसतं.
दुपारपर्यंत बघितलं.
राधिका साखरपुड्यासाठी घेतलेली साडी घडी करून ठेवून आली आणि ओट्यावर हाराची सुतळी सोडत बसली. लोकांच्या चपला लोकांना गेल्या पाहिजेत, म्हणाली. कुत्र्याने अर्धी खाल्लेली करकरती वहाण निघाली, ती तिने ओढणीने पुसून बाजूला ठेवली. मग सगळ्यात मधोमध ओवलेली माझी चप्पल निघाली. मी पहिल्या दिवशी ठेवलेली.
ती तिने माझ्यापुढे सरळ करून ठेवली. म्हणाली, घाला बाबा. जावा कुठं जायचं तिथं. रस्ता मोकळा हाय.
डावी नर्मदाने कालच उकिरड्यावर टाकली.