तुझी बाजू, माझ्या तोंडी

प्रिय झाडोबा,

आईंना आता आधार धरून उभं राहता येतं, हे तुझ्या बहिणीकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाचं करणं काय असतं, ते मी सासूबाईंच्या वेळी पाहिलंय. आईंचं चिडणं मनावर घेऊ नकोस. चिडताहेत म्हणजे अंगात ताकद येतेय असं समज.

आता बैठकीचं. इकडून तिकडून तुझ्या कानावर आलंच असेल, पण माझ्याकडून सविस्तर ऐक. विकास-मदत खात्याच्या साहेबांनी अखेर वेळ दिली. तीच खोली, तोच गारठा, खिडकीला तोच कधीही न सरकणारा पडदा. परदेशी मदतीतून होणाऱ्या कामांचे नवे नियम ठरायचे होते आणि त्यात आपल्या दोन अटी बसवायच्या होत्या. जिथे काम होणार तिथल्या बायकांना निर्णयात मत हवं, आणि नदी-जंगलाचं काय होणार हे तपासल्याशिवाय मंजुरी नको. निघताना तुझा निरोप आला होता, की तुमची अट मान्य झाली तर पदरात पाडून घे, माझ्या अटीसाठी अडून बसू नकोस. तो निरोप डोक्यात घेऊनच मी खुर्चीवर बसले.

वर जाताना जिन्यात जरा थांबले होते. आपली ओळख तिथलीच की! तुझी झाडांची संस्था, माझी बायकांची, आणि आपण एकमेकांचे कट्टर वैरी. मला साहेब सांगायचे, यंदाचं सगळं अनुदान झाडवाल्यांना गेलं. तुला सांगायचे, बायकांना गेलं. आणि आपण दोघं इतके शहाणे, की वर्षानुवर्षं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत घरी जायचो. त्या दिवशी तू तणतणत उतरत होतास, मी चढत होते, आणि भर जिन्यात आपली जुंपली. शिपायाने दोघांनाही खालच्या टपरीवर पिटाळलं म्हणून बरं, नाहीतर अजून तिथेच भांडत असतो. चहा गार होईपर्यंत लक्षात आलं, की भोपळा दोघांच्याही हाती आलाय.

मग तुझी ती अफाट कल्पना. आपापली बाजू मांडायचीच नाही, अदलाबदल करायची. नदीबद्दल मी बोलायचं, बायकांबद्दल तू. मला वाटलं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. पण त्यापायी तुझ्यामागून ओढ्याकाठी तंगडतोड करावी लागली आणि मातीचा नुसता वास घेऊन काहीबाही सांगायला मी शिकले. तू आमच्या बैठकीत कोपऱ्यात बसायचास. बायका मोकळेपणी बोलायला लागल्या, की तुझ्या कानाच्या पाळ्या लाल! पहिल्यांदा साहेबांपुढे उभा राहिलास तेव्हा 'आम्ही बायका' म्हणून सुरुवात केलीस. साहेबसुद्धा हसले. पण त्यानंतर आपल्याला एकमेकांविरुद्ध झुंजवणं त्यांना काही जमलं नाही.

यंदा तू नव्हतास, तेव्हा दोन्ही बाजू माझ्याच गळ्यात. धरणाखालच्या वस्तीचं सांगितलं. नळयोजनेच्या समितीवर सगळ्या बायका, सह्यांचा हक्क त्यांचा, सगळं आपल्या मनासारखं. आणि वरच्या डोंगरावर खाण झाल्यावर नळाला पाणी पुरवणारा झराच आटला. समिती अजून आहे, नळाला पाणी नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बायकांची अट आजच घालतो, नदी-जंगलाचं पुढे बघू. शेजारी बसलेल्या आमच्या संस्थेच्या खजिनदारबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. झाडोबा, त्या एका ओळीसाठी अर्धी हयात गेली रे माझी. आणि मी म्हटलं, दोन्ही एकत्र घाला, नाहीतर एकही नको.

एकही नाही आली. नियम आपल्याशिवायच निघाले आणि पुन्हा कधी उघडतील, देव जाणे. खजिनदारबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. मैत्रीपायी मी बायकांच्या तोंडचा घास काढला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग मला कळतो. मलाही वाईट वाटतं, खूप वाटतं. पण पश्चात्ताप म्हणशील, तर तो शोधूनही सापडत नाही.

म्हणून हे पत्र. तुझी बहीण म्हणाली, ही बातमी कळल्यापासून तू स्वतःला दोष देतोयस आणि आपल्या दोन संस्थांच्या आघाडीतून बाहेर पडायचं तुझ्या मनात घोळतंय. तर नीट ऐक. मी तुझ्यासाठी नकार दिलेला नाही, तेवढी उदार मी नाही. साहेबांनी विचारलं, 'बाई, तुमची अट तर मान्य होतेय ना?' आणि खरं सांगते, त्या दोन्हींतली माझी कुठली, हे मला क्षणभर कळेचना. एवढी वर्षं तू माझ्या तोंडून तुझी बाजू वदवून घेतलीस, त्याचा हा परिणाम. त्याने माझं जगणं केवढं मोठं झालं! त्याचे आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मानते. बाहेर पडायचं असेल तर खुशाल पड. फक्त जाण्याआधी माझी बाजू तुझ्यातून वेगळी काढून मला परत दे. बघ जमतंय का.

तुझीच,
कजागबाई