पावणेसातची गाडी

तांडापेठ, नागपूर
१ जुलै २०२५

ती. जागेश्वर मामाजींस,
प्रणालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून आपला हा कागदाचा कारभार. पत्र नेहमीसारखं उमरेडच्या गाडीवर प्रीतम कंडक्टरच्या हाती देते आहे. उत्तरही त्याच्याच हाती पाठवा, कारण घाई आहे.

मला दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. नागपुरात एम.टेक., वाहतूक अभियांत्रिकी. म्हणजे रस्त्याची जाडी, चौकाची आखणी, सिग्नल. आणि भोपाळला वाहतूक नियोजनाची पदव्युत्तर पदवी. त्यात कोण कुठून कुठे जातं, कशानं जातं, याचा अभ्यास. दहा तारखेपर्यंत एक जागा पक्की करायची, दुसरी सोडायची. नोकरी सरकारीच करणार, ते ठरलेलं आहे. दोन वर्षांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवल्यात. कुठे सिव्हिलची पदवी मागतात, कुठे नियोजनाची. बाबा म्हणतात, एम.टेक. कर, घरचं जेवण मिळेल आणि पुढेमागे शिकवताही येईल. मलाही तेच पटू लागलंय. आईला विचारलं तर साडीला फॉल लावता लावता, मान वर न करता म्हणाली, मामाले विचार, गाड्याइचं त्यालेच समजते.

आता माझी बढाई ऐका. शहर बसच्या कार्यालयात तीन महिन्यांच्या कामावर आहे ना, तिथे मला बुटीबोरीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या सकाळच्या बसची पाहणी दिली होती. तीन दिवस बसमध्ये बसून माणसं मोजली. सात, पाच, आठ. मागणी नाही, फेरी बंद करावी, असा अहवाल लिहिलाय. साहेब खूश आहेत. मामाजींची भाची शोभते की नाही?

मामींना नमस्कार. माया आहेच, सल्ला तेवढा लवकर पाठवा.

तुमची,
प्रणाली


गावाहून, ता. उमरेड
३ जुलै २०२५

चि. प्रणालीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी मामी म्हणते, पोरीला भोपाळला चटणी-ठेचा कोण देईल. तिचं सोड.

तो अहवाल अजून हातात असेल तर परत घे. दिला असशील तरी परत घे. काहून, ते सांगतो.

१९९२ साली मी एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, नवाच. आपल्या गावाहून उमरेडला सकाळी पावणेसातची गाडी होती. ती चालवावी की नाही, यावर मला अहवाल लिहायचा होता. मी तीन महिन्यांचे कंडक्टरचे कागद काढले आणि फाडलेली तिकिटं मोजली. फेरीला चार. बंद करावी, असं लिहिलं आणि ती बंद झाली. त्या गाडीत रोज अकरा पोरी शाळेला जात. त्यांच्याजवळ महिन्याचे पास होते. पासवाल्याचं तिकीट फाटत नाही, म्हणून त्या माझ्या कागदावर नव्हत्याच. पुढची गाडी दहाची, शाळा आठची. सहा जणींची शाळा सुटली. त्यातली एक तुझी आई, नववीत होती, वर्गात दुसरी.

घरी मी सांगितलं की वरून हुकूम आला. आमच्या बाबांनी तिला घरच्या हातमागावर बसवलं. पाच वर्षांनी मीच अर्ज करकरून गाडी पुन्हा सुरू करवली, पण तोवर तिचं लग्न ठरलं होतं. खरं सांगायची हिंमत आजवर झाली नाही. हे पत्र तिला वाचून दाखव.

तू बसमध्ये बसलेली माणसं मोजलीस. बसमध्ये जी नाहीत ती कुठे आहेत, हे कोण पाहील? पुन्हा जा आणि कारखान्याच्या गेटवर उभी राहा. पदवीचं मग ठरव. एवढंच सांगतो की इंजिनीअर तू आहेसच, ती पदवी कोणी काढून घेत नाही. जे येत नाही ते शिकायला जा.

रागावलीस तरी चालेल, लिहिणं थांबवू नकोस.

तुझा मामा,
जागेश्वर


तांडापेठ, नागपूर
८ जुलै २०२५

ती. मामाजींस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले होते, दोन दिवस. मग सोमवारी सहा वाजताच बुटीबोरीला एका कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले. एकेका काळीपिवळी जीपमधून दहा-दहा बाया उतरत होत्या, काही तर मागे लटकून आलेल्या. शंभराच्या वर मोजल्या. गेट सातला बंद होतं आणि माझी ती रिकामी बस येते सात वीसला. एक बाई मला म्हणाली की बस लवकर आली तर आम्ही काहून लटकून येऊ. मला तोंड वर करवेना.

साहेबांकडून अहवाल परत घेतला. ते चिडले, मुदत संपत आली म्हणाले. मी म्हटलं, माझ्या नावानं चुकीचं जाणार नाही. आता नवीन लिहिलाय: फेरी बंद करू नये, चाळीस मिनिटं आधी सोडावी. मानतील की नाही, ठाऊक नाही, पण लिहून दिलंय.

आणि आज भोपाळची जागा पक्की केली. त्या पदवीच्या जागा थोड्या निघतात, हे वहीत दिसतंच आहे. पण निघतील तेव्हा मी तयार असेन आणि निघत नाहीत तोवर सिव्हिलच्या परीक्षा देईन. बाबा अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं दोरा दातानं तोडला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आज सकाळी माझ्याकडे कागद मागितला. सोबत आहे, मी उघडलेला नाही.

माझ्या मनात अढी नाही, तुम्हीही ठेवू नका.

प्रणाली


दादास,
पुष्पाचा नमस्कार.

मी जशी बोलते तशीच लिहून राहिली, हसू नको. गाडी कोणाच्या कागदानं बंद झाली हे मले तवाच ठाऊक होतं. डायवर केशवनं सांगतलं होतं. त्या वर्षी मी तापाचं निमित्त करून तुले राखी बांधली नाही, आठवते का? मले ताप नव्हता. लय राग होता. पाच वर्षं वाट पाहिली का तू स्वतः येऊन सांगशील. मग गाडी चालू झाली, तवा समजली का तुलेही लागलं हाय. पण बोलला नाहीस, तेच जास्त लागलं.

पोरीले तुले विचार म्हटलं, ते याच्यासाठीच, का तिले सांगता सांगता तरी तू बोलशील.

पुढच्या शुक्रवारी ती भोपाळले निघते. तिले सोडाले तू ये. पावणेसातच्याच गाडीनं ये. मागच्या सीटवर बस अन् उमरेडपर्यंत पासवाल्या किती पोरी चढतात ते मोज. आल्यावर पहिले मले आकडा सांग, मग चहा देईन.

पुष्पलता