झोपेतला हात

४ ऑक्टोबर

ताईला मारलं. मी! झोपेत!

स्वप्नात कुत्रा अंगावर आला होता, दात विचकत. मी जीव खाऊन लाथ घातली, मग बुक्की — आणि कुत्रा ताईच्या आवाजात ओरडला. दिवा लावला तर ती पलंगाच्या कडेला, गाल धरून. "अगं चिमे, मी आहे, मी!"

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्याशेजारी झोपते. रात्री उठताना आधार हवा म्हणून. छान आधार दिला!

५ ऑक्टोबर

गाल सुजलाय. शेजारीण डोकावली. ताई म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." किती सहज! मी चहा गाळत होते, अर्धा ओट्यावर.

९ ऑक्टोबर

शांत झोप. उगाच घाबरले.

१२ ऑक्टोबर

पुन्हा!

काल आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या काकांचा निरोप समारंभ. सगळ्यांच्या आग्रहाने दोन पेले वाइन घेतली, घरी यायला उशीर. झोपले आणि स्वप्नात कोणीतरी पर्स ओढायला लागलं. मी त्याचा हात पिरगाळला — तो ताईचा! ती म्हणते, "शिव्या काय दिल्यास गं! दोन तर मलाही नवीन होत्या." ती हसत होती. मला हसू येईना. मनगट निळं पडलंय.

म्हटलं, तू दुसऱ्या खोलीत झोप. "आणि रात्री पडले तर उचलणार कोण, कपाट?" शेवटी मध्ये लोड ठेवला. माझ्यापासून तिला वाचवायला कापसाचा लोड!

१५ ऑक्टोबर

झोपतच नाही. झोपलेच नाही तर मारणार कशी? दोन रात्री खुर्चीत बसून काढल्या, दर थोड्या वेळाने तोंडावर पाणी. आज एका गिऱ्हाइकाच्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्या काचेला लावला. मालक म्हणाले, "बाई, बरं नाही का?" ते कधी विचारत नाहीत.

१६ ऑक्टोबर

खुर्चीत डोळा लागला असता तर बरं. पहाटे पाठ टेकली, फक्त पाठ — आणि दगडासारखी झोपले.

सकाळी तिच्या पट्टीवर रक्त. ऑपरेशनच्याच गुडघ्यावर लाथ. ती ओरडली नाही, चादर तोंडात कोंबली. "दोन रात्रींनी झोपली होतीस, कशाला उठवू?"

आणि मी उठलेसुद्धा नाही. स्वप्नही आठवत नाही!

१७ ऑक्टोबर

टाका उसवला होता, सांधा शाबूत आहे. सर्जननी तिचा गाल पाहिला, मनगट पाहिलं. मग माझ्याकडे. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

त्यांना काय वाटलं ते मला कळलं. बाहेर बाकावर बसले. काय सांगणार होते मी? की तो हात माझा नाही?

ताईने आत काय सांगितलं कोण जाणे. बाहेर आली ती झोपेच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन.

२१ ऑक्टोबर

झोपेचे डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. म्हणाले, स्वप्न पडताना शरीर लुळं पडायला हवं, तुमचं पडत नाही. मग — गोळ्या कुठल्या? उदासपणाची एक, उन्हाळ्यापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काही जणांत याच गोळीने हे वाढतं. त्यावर वाइन, त्यावर जागरण... आगीत तेलच ओतलंत."

म्हणजे तिला वाचवायला जागले, आणि जागले म्हणूनच —

म्हटलं, आजच फेकून देते. "मुळीच नाही! एकदम बंद केलीत तर आणखी बिघडेल. तुमच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू बदलू."

पण उन्हाळ्यात मला केस विंचरायचंही जड झालं होतं. या गोळीनेच उठवलं. ती गेली आणि ते दिवस परत आले तर? कुठली भीती परवडेल, सांगा ना कुणीतरी!

निघताना त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं?" मी नाही म्हटलं. ताई फरशीकडे बघत होती.

२९ ऑक्टोबर

गोळी बदलतायत. मी जमिनीवर गादी टाकून, ताई आतल्या खोलीत, उशाशी घंटी. आठवडाभर काही नाही. तरी दिवा मालवला की हात पोटाखाली दाबून झोपते. ताई जेवताना बोलत नाही. तीही मला घाबरायला लागली का?

३१ ऑक्टोबर

ताई बोलली. "डॉक्टरांना तू नाही म्हणालीस. बाबांना होतं."

बाबा आम्हाला सोडून गेले, एवढंच मला माहीत. मी तेव्हा जेमतेम चालायला लागले होते, ताई कॉलेजात होती.

"सोडून नाही गेले गं. मी घालवलं. आईच्या अंगावर सारखा नवा वळ. ती म्हणायची, ते झोपेत असतात. कोण विश्वास ठेवणार? मी त्यांची वळकटी दाराबाहेर फेकली. ते भांडले नाहीत. वळकटी उचलली, आणि आईला म्हणाले — दार आतून नीट लावून घे."