व्यासपीठाखालचं पाणी

६ ऑक्टोबर १९५८, सोमवार
नोकरी मिळाली! जुन्या बाजारपेठेतल्या विटांच्या बॅप्टिस्ट चर्चची झाडलोट, चर्च उबदार ठेवणाऱ्या भट्टीत कोळसा घालणं आणि घंटा वाजवणं. राहायला घंटेखालची खोली. खिडकीतून चौकातली सगळी जुनी चर्चं दिसतात. इथली देखभाल पाहणाऱ्या आर्डिथबाईंनी सफरचंदाचा केक आणला. समोरच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या चर्चकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते मेले बाप्तिस्म्याला नुसते थेंब शिंपडतात. आपल्याकडे माणूस पुरता बुडवतात, बाळा." माझा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. रविवारी घेतला तर नोकरी कायम, नाहीतर खोली सोडायची. मी आनंदाने हो म्हटलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
व्यासपीठाच्या फळ्या उचलून खालचा बाप्तिस्म्याचा हौद पाहिला. पाणी कोमट, पिवळट. वर दुधावर धरते तशी जाड साय. काठीने ढवळली तर फाटली नाही, सुरकुतली. तिच्यात केस होते, काळे, लाल, पिकलेले. वास जखमेवरची जुनी पट्टी सोडावी तसा. पाणी कधी बदलता, असं बाईंना विचारलं. चर्च बांधलं तेव्हाचंच आहे, आम्ही फक्त भर घालतो, म्हणाल्या. "अख्खं गाव धुतलंय त्यात. ओतून कसं द्यायचं रे?"

९ ऑक्टोबर, गुरुवार
स्वच्छता हेच माझं काम. दुपारी बाई नसताना बाही वर करून हौदाच्या तळाचं बूच चाचपलं. बूच नव्हतं. भोकात काहीतरी मऊ होतं, हिरडीसारखं. त्याने माझं बोट चोखलं.
हात साबणाने घासघासून धुतला. जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
बोट पांढरं, फुगलेलं, दुधात भिजवलेल्या पावासारखं. पुसलं तर कातडी रुमालालाच — शी.
पाद्री केमररसाहेबांनी हातमोजा काढून हात मिळवला. त्यांचाही तसाच, बुळबुळीत. इथे सगळेच हातमोजे घालतात. का, ते कळलं.

११ ऑक्टोबर, शनिवार
पळालो. बस स्थानकापर्यंत. हात कोरडा पडला तशी कातडी तडकायला लागली, आतून पिवळं — सहन होईना. परत आलो. हौदात बुडवला. थांबलं.
बरं वाटलं. त्याचीच किळस —

१२ ऑक्टोबर, रविवार
व्यासपीठामागच्या खोलीत पांढरा झगा घालून बसलोय, दार उघडं. बाहेर गाणं सुरू. फळ्या उचलल्यात. साय मधोमध उघडते आहे, ओठांसारखी. पाद्रीसाहेब छातीपर्यंत आत. साय उघडली तिथून दिसतं, त्यांच्या कमरेखाली काही नाही — पाणीच —
मला नको आहे. नको. हात आपणहून तिकडे —
बाई दारात. हातमोजे काढलेत. बोटं नाहीतच, नुसता लगदा. हसून म्हणाल्या, "काय लिहायचं ते आत्ताच लिही, बाळा. नंतर पेन्सिल धरता